सरणापूर्वींचा सांगावा

साताऱ्याहून वेण्णा नदीच्या कांठानें महाबळेश्वराकडे निघालें म्हणजे वाटेंत मेढा लागतो. जावळी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीचें नांव १६५६ सालामुळें इतिहासांत गाजलें. पण गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत या तालुक्याचा इतिहास म्हणजे मुंबईला माणसें पुरविण्याचा इतिहास आहे. डोंगरउतारावरचें नाचणी-वरईचें पीक वर्षभर पुरत नसे, म्हणून येथला तरुण गिरणींत गेला, गोदींत गेला, पुढें माथाडी झाला. कर्ता मनुष्य मुंबईस आणि म्हातारे आईबाप गांवीं, अशी येथील संसाराची मांडणी. अशा प्रदेशांत कोणी वारलें म्हणजे पहिला प्रश्न लांकडांचा नसतो. मुंबईस कळविलें काय, हा असतो. श्रोतेहो, आजचा माझा विषय तोच आहे. प्रेताला अग्नि देण्यापूर्वीं जवळच्या नातलगांस कळविण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती पाळली जावी म्हणून रूढीनें व कायद्यानें आजवर काय तजवीज केली?

विषय सुचला तो एका जुन्या आठवणीवरून. १९६० सालचा पावसाळा होता. मी तेव्हां सहा-सात वर्षांचा. मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडींत माझे चुलत आजोबा पहांटे वारले. त्यांचा एकुलता मुलगा लालबागेंत एका चाळींत राही व गिरणींत साच्यावर काम करी. पावसाची झड लागलेली, ओढ्यांना पाणी आलेलें. तरी थोरल्या मंडळींनीं तो दिवस आणि ती रात्र वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीं प्रेत ठेवण्यासारखें राहिलें नाहीं, तेव्हां पुतण्याच्या हातून अग्नि देवविला. मुलगा आला तो अस्थि गोळा करण्याच्या दिवशीं, आणि तोहि गांवचा एक मनुष्य सहज मुंबईस गेला होता त्याच्या तोंडून ऐकून. राखेच्या कडेला उभें राहून त्यानें माझ्या आजोबांना एवढेंच विचारलें, "तात्या, मला कुणी कळवलं कसं नाहीं?" आजोबा म्हणाले, "आम्हांला वाटलं, तार गेली." चौकशी केली तेव्हां निघालें कीं तार कोणीच केली नव्हती. थोरल्या घरास वाटलें धाकट्यानें केली. धाकट्यास वाटलें मेढ्याच्या बाजाराला गेलेल्या कोणीतरी केली. पुढें कित्येक वर्षें त्या दोन घरांचें जाणेंयेणें बंद होतें.

वीस वर्षांपूर्वीं असें घडलें नसतें, असें आजोबा पुष्कळदां म्हणत. तें खरेंहि होतें. पण कां घडलें नसतें, हें ते सांगत नसत.

जुन्या गांवगाड्यांत मृत्यूची बातमी पाहुण्यारावळ्यांच्या गांवीं पोंचविणें हें महार वतनदाराचें काम होतें. रात्र असो, पाऊस असो, घाट चढावयाचा असो, सांगितलेल्या गांवीं त्यानें पायीं जावें, घराबाहेर उभें राहून निरोप द्यावा आणि मिळेल तो भाकरतुकडा घेऊन परत फिरावें. सरणाचीं लांकडें पोंचविणेंहि त्याच्याच वांट्याचें. मोबदला म्हणजे बलुतें आणि वतनाची तुटपुंजी जमीन. व्यवस्था चोख होती यांत शंका नाहीं. निरोप गेला कीं नाहीं, असा संशय कोणास येत नसे, कारण तो कोणी न्यावयाचा हें जन्मानेंच ठरलेलें होतें. मात्र ज्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकण्याची त्याला मनाई, त्याच घरचें दुःख त्यानें पांच-पांच, दहा-दहा कोस वाहून न्यावयाचें होतें. आणि त्याच्या स्वतःच्या घरीं कोणी गेलें तर तो निरोप घेऊन जाणारा गांवांत दुसरा कोणी नव्हता. जुन्या गांवांतील जिव्हाळ्याच्या गोष्टी सांगणारे लोक एवढा भाग बहुधा गाळतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें याच सातारा शहरांत गेलीं. १९२८ सालीं त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. महारांकडून रात्रंदिवस घेतल्या जाणाऱ्या अशा बेहिशेबी कामांना हद्द असावी, हा त्याचा एक हेतु होता. तें विधेयक पुढें मागें घ्यावें लागलें. अनेक गांवीं महारांनीं हीं कामें आपण होऊन सोडलीं, त्यासाठीं बहिष्कार सोसले. आणि अखेर १९५८ च्या कायद्यानें, १ ऑगस्ट १९५९ पासून, हीं वतनें संपलीं. माझ्या चुलत आजोबांचा मृत्यु त्यानंतर अवघ्या वर्षाचा. अन्याय गेला हें योग्यच झालें. परंतु त्याच्या पाठीवर लादलेलें एक कर्तव्य त्याबरोबर मोकळें झालें, आणि तें आतां कोणीं उचलावयाचें हें ना गांवानें ठरविलें ना सरकारनें. गांवानें तें टपालावर सोंपविलें. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला कीं तें उंबऱ्याबाहेरच वाचावयाचें आणि वाचून फाडून टाकावयाचें, ही चाल त्या पिढीच्या सर्वांस ठाऊक आहे. तारेचा तर इतका धसका कीं शिपाई दारांत दिसतांच बायका रडूं लागत. मग ती नोकरी लागल्याची कां असेना. ती तारहि आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें बंद झाली.

शास्त्राकडे वळलें तर तेथें एक विलक्षण गोष्ट दिसते. प्रेत ताटकळत ठेवणें धर्मशास्त्राला मान्य नाहीं. रात्र उलटलेलें प्रेत पर्युषित, म्हणजे शिळें, समजून त्याकरितां प्रायश्चित्त सांगितलें आहे. तेव्हां दूरच्या नातलगाला दहनानंतरच कळणार, हें शास्त्रकारांनीं गृहीतच धरलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत त्याचे नियम आहेत: दहा दिवसांच्या आंत ऐकलें तर उरलेल्या दिवसांचें सुतक, दहा दिवसांनंतर ऐकलें तर तीन रात्रींचें, आणि वर्ष उलटून गेल्यावर ऐकलें तर केवळ स्नान. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला धर्मसिंधु आपल्याकडे याबाबतींत प्रमाण मानला जातो. क्रियेचा अधिकार पुत्रापासून पुढें कोणाकोणाकडे जातो, देहच सांपडला नाहीं तर पळसाच्या पानांची आकृति करून ती कशी जाळावी, येथपर्यंत या शास्त्राची नजर पोंचली आहे. पण सारा भर ऐकणाऱ्यानें काय करावें यावर आहे. कोणीं सांगावें यावर नाहीं. माझ्या त्या काकांनाहि भटजींनीं उरलेल्या दिवसांचें सुतक मोजून दिलें होतें. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र भटजींच्या पोथींत नव्हतें.

नातलगांना कळविणें हें नेहमीं दयेपोटींच घडतें, असेंहि समजूं नये. ही वेण्णा नदी मेढ्याहून खालीं वाहत जाऊन सातारा शहराजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू छत्रपति साताऱ्यास निवर्तले, आणि माहुलीच्या घाटावर त्यांच्याबरोबर राणी सकवारबाई सती गेल्या. गादीवर रामराजाला बसविण्यास त्यांचा विरोध होता, त्यामुळें पेशव्यांच्या दृष्टीनें त्या अडचणीच्या होत्या. पुढें साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेला ग्रँट डफ आपल्या इतिहासांत सांगतो कीं, बाळाजी बाजीराव पेशव्यांनीं बाईंना सती न जाण्याची विनंति वरवर केली, आणि त्याच वेळीं त्यांचे बंधु कुंवरजी शिर्के यांना निरोप धाडून, बहीण मागें राहिली तर शिर्क्यांच्या कुळाला बट्टा लागेल, असें सुचविलें. शिवाय कोंकणांत जहागिरीचें आमिष दाखविलें. डफचें हें कथन अक्षरशः मानावें कीं नाहीं यावर मतभेद आहेत. तथापि अग्नि देण्यापूर्वीं भावाला कळविलेला निरोप बहिणीच्या रक्षणाऐवजीं तिच्या नाशास कसा कारण होऊं शकतो, हें त्यावरून दिसतें. कळविण्याचा नियम करावयाचा तर तो दुबळ्याच्या बाजूनें उभा राहील असा केला पाहिजे, नाहीं तर बळवंतांच्या हातीं तें आणखी एक साधन होतें.

इंग्रजी अमदानींत दहनापूर्वीं कळविण्याची पहिली ठळक सक्ति आली ती सतीच्या बंदीबरोबर. बंगालच्या १८२९ च्या सतराव्या रेग्युलेशनानें, अशा दहनाचा बेत कानीं येतांच जवळच्या पोलीस ठाण्यास ताबडतोब वर्दी देण्याची जोखीम जमीनदार वगैरे मंडळींवर टाकली. मुंबई इलाख्यांत बंदी १८३० मध्यें झाली. सातारच्या राज्यांत शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनीं ती १८३९ मध्यें केली. येथें कायद्यानें प्रथम चितेच्या जवळ पाऊल टाकलें. पण कळवावयाचें तें सरकारला, आप्तांना नव्हे. पुढील शंभर वर्षें आपला कायदा या एकाच बाजूनें चालला.

त्याच शतकांत युरोपांत उलट्या दिशेनें विचार चालूं झाला, आणि त्याच्या आरंभाच्या जवळपास एक मराठी चिता आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परत येत असतां ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींत फ्लॉरेन्स येथें वारले. वय अवघें वीस. त्या शहरीं दहनाची चाल नव्हती. बरोबरच्या मंडळींनीं खास परवानगी मिळवून शहराबाहेर अर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्रीं त्यांना अग्नि दिला. संगमावर दहन करावें ही आपल्याकडची कल्पना त्यांनीं परक्या मुलखांतहि सोडली नाहीं. राजकुटुंब हजारों कोस दूर कोल्हापुरांत. त्या जागीं पुढें महाराजांचें स्मारक उभें राहिलें, आणि तेथल्या पुलालाहि आज 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचेंच नांव आहे. इंग्लंडांत १८७४ मध्यें सर हेन्री टॉम्प्सन या शस्त्रवैद्यानें दहनाच्या प्रसारासाठीं मंडळ स्थापिलें. १८८४ मध्यें वेल्समधील डॉ. विल्यम प्राइस या वृद्ध व विक्षिप्त डॉक्टरानें आपलें मृत मूल उघड्या टेंकडीवर जाळण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर खटला झाला, आणि लोकांस उपद्रव न होईल अशा रीतीनें दहन करणें हा गुन्हा नव्हे, असा निर्णय न्यायमूर्ति स्टीफन यांनीं दिला.

मग विलायतेंतल्या कायदेपंडितांना एक भीति वाटूं लागली. पुरलेलें प्रेत संशय आल्यास उकरतां येतें. जाळलेलें परत येत नाहीं. विषप्रयोगाचा पुरावा एका तासांत धूर होऊन जाईल. म्हणून १९०२ चा दहनाचा कायदा झाला व त्याखालीं १९०३ मध्यें नियम निघाले. डॉक्टरांचीं दोन प्रमाणपत्रें, वर एक तपासणारा वैद्यकीय अधिकारी, हें तर होतेंच. पण माझ्या मतें त्या नियमांतला सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे अर्जदाराला घातलेले दोन साधे प्रश्न. पहिला: मृताच्या जवळच्या नातलगांना या योजिलेल्या दहनाची खबर दिली आहे काय? दुसरा: त्यांपैकीं कोणी हरकत घेतली आहे काय? आणि जवळचे नातलग म्हणजे कोण, तेंहि तेथेंच सांगितलेलें: नवरा किंवा बायको, आईबाप, सोळा वर्षांवरील मुलें, व मृताबरोबर नेहमीं राहणारा दुसरा कोणी आप्त. खबर दिली नसेल तर कारण द्यावें. नियम पुढें बदलले, २००८ मध्यें सर्वस्वी नवे झाले. तरी प्रश्न कायम आहेत. या प्रश्नांत संशय आणि ममता दोन्ही आहेत. खून लपविणाऱ्याला ते अडवितात, आणि लालबागच्या मुलालाहि ते विसरूं देत नाहींत.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी संहितेनें संशयास्पद मृत्यूचा पंचनामा, मॅजिस्ट्रेटची चौकशी, पुरलेलें प्रेत उकरण्याचा अधिकार, हें सर्व दिलें. नातलगांना कळवा, असें मात्र ती सरकारला सांगत नव्हती. न सांगितल्याचा परिणाम तुरुंगांच्या भिंतींपाशीं दिसला. नाशिकच्या जॅक्सन खटल्यांतील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिली. प्रेतें घरच्यांच्या स्वाधीन झालीं नाहींत; सरकारी माणसांनींच तीं खाडीकांठीं जाळलीं. एकवीस वर्षांनीं, २३ मार्च १९३१ रोजीं संध्याकाळीं, लाहोरच्या तुरुंगांत भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरि राजगुरु यांना ठरल्या वेळेच्या आधींच फांशी देण्यांत आली, आणि त्याच रात्रीं फिरोजपूरजवळ सतलजच्या कांठीं घाईघाईनें अग्नि देण्यांत आला. लोक जमतील ही सरकारची भीति खरी होती. पण ज्या आईनें मुलाचें तोंड शेवटचें पाहिलें नाहीं तिच्या बाजूनें उच्चारावयाला एकहि कलम कायद्यांत नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र तुकड्यातुकड्यांनीं बदललें. १९४९ सालीं मुंबई प्रांतांत शरीररचनाशास्त्राच्या शिक्षणासाठीं बेवारस प्रेतें देण्याचा कायदा झाला. त्यांत जवळच्या नातलगांना प्रेत मागण्याची मुदत ठेवणें भाग पडलें, कारण बेवारस कोण हें ठरविण्यापूर्वीं वारस कोण हें ठरवावें लागतें. खरें पाऊल पडलें तें १९७३ च्या फौजदारी संहितेंत. तिच्या १७६ व्या कलमांत, कोठडींतील मृत्यु वगैरे प्रकरणीं मॅजिस्ट्रेटची चौकशी होईल तेव्हां, ज्यांचीं नांवें व पत्ते ठाऊक आहेत अशा नातलगांना, शक्य असेल तेथें, कळविलें पाहिजे व चौकशीस हजर राहूं दिलें पाहिजे, असें घातलें गेलें. आईबाप, मुलें, भाऊ, बहिणी आणि पति किंवा पत्नी हे नातलग. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमांत ही तरतूद तशीच आली आहे. 'शक्य असेल तेथें' या तीन शब्दांतून किती गोष्टी निसटतात, हें वकिलांना सांगावयास नको.

फांशीच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयाला बोलावें लागलें. फेब्रुवारी २०१३ मध्यें दिल्लीच्या तिहार तुरुंगांत एका कैद्याला फांशी झाली, आणि त्याच्या कुटुंबाला टपालानें धाडलेलें पत्र फांशी होऊन गेल्यावर पोंचलें. म्हणजे कोपरा फाडलेल्या कार्डाचाच हा सरकारी अवतार. २१ जानेवारी २०१४ रोजीं शत्रुघ्न चौहान यांच्या खटल्यांत न्यायालयानें ठरवून दिलें कीं दयेचा अर्ज फेटाळल्याची खबर कैद्याला व घरच्यांना दिली पाहिजे, त्यानंतर फांशीपर्यंत किमान चौदा दिवस गेले पाहिजेत, आणि शेवटची भेट घडविली पाहिजे.

पण कायद्याचा हा सारा प्रवास किती अपुरा आहे, तें उत्तर प्रदेशांत हाथरसला दिसलें. २९ सप्टेंबर २०२० रोजीं एका दलित मुलीचा दिल्लीच्या रुग्णालयांत मृत्यु झाला, आणि त्याच रात्रीं, उजाडण्यापूर्वीं, घरच्यांना दूर ठेवून पोलिसांनीं तिला अग्नि दिला. घर जवळच होतें. तेथें अंतराची अडचण नव्हती, पावसाची नव्हती, टपालाची नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानें आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें. सन्मानानें अंत्यविधि होण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे या भूमिकेवरून त्यानें मृत मुलीच्या व तिच्या कुटुंबाच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचें म्हटलें, आणि अशा प्रसंगीं अधिकाऱ्यांनीं कसें वागावें याचे नियम राज्य सरकारकडे मागितले. ज्यांच्या पायांनीं शेंकडों वर्षें इतरांच्या मरणाचा सांगावा वाहिला, त्या समाजांतल्या एका घराच्या वांट्याला शेवटीं हें यावें, ही गोष्ट वाचतांना मला आमच्या वाडीची आठवण झाली, आणि आजोबा जें सांगत नसत त्याचीहि.

राहिलें साधें मरण. म्हातारपणीं, आजारानें, आपल्या घरीं आलेलें. आपल्यांतले बहुतेक असेच जाणार. आणि येथेंच कायदा अजून मुका आहे. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कायद्यानें मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते. ती घरच्यांनीं द्यावी, आणि स्मशानाची देखरेख करणाऱ्यावरहि कळविण्याचा भार आहे. नांव, वय, ठिकाण, वेळ, कारण हें सर्व नोंदलें जातें. म्हणजे सरकारला कळल्याशिवाय कोणाचें मरण पुरें होत नाहीं. मुलाला, मुलीला, बायकोला कळलें कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. मुलीचें नांव मीं मुद्दाम घेतलें. दूरच्या गांवीं दिलेल्या लेकीला 'ती कशाला इतक्या लांब येते' म्हणून मागाहून कळविल्याचीं उदाहरणें प्रत्येकाच्या नात्यांत निघतील. त्यांतलीं कांहीं निव्वळ आळसाचीं असतात, कांहीं जमिनीच्या वांटणीचीं.

विलायतेसारखा अर्ज प्रत्येक खेड्यांत मागावा असें मी म्हणत नाहीं. बामणोलीहून कोयनेच्या जलाशयांतून लाँचनें ज्या गांवीं जावें लागतें तेथें अर्ज कोण तपासणार? शिवाय हरकतीचा हक्क दिला कीं भाऊबंदकीचे दावे सरणापर्यंत येतील, आणि प्रेत ताटकळेल, हीहि भीति आहे. तेव्हां हरकतीचा प्रश्न बाजूला ठेवावा. पहिला प्रश्न तेवढा घ्यावा. शहरांत स्मशानाच्या नोंदवहींत आणि खेड्यांत पोलीस पाटलाकडे एक ओळ असावी: नवरा किंवा बायको, आईबाप, मुलगे आणि मुली यांना कळविलें काय, कोणीं कळविलें, किती वाजतां. कळविलें नसेल तर कां नाहीं. खिशांत टेलिफोन घेऊन हिंडणाऱ्या समाजाला ही ओळ भरण्यास पांच मिनिटें लागणार नाहींत. ती ओळ भरणाऱ्याचें नांव खालीं लिहिलेलें असावें, म्हणजे मग थोरल्या घराला धाकट्यावर आणि धाकट्याला बाजाराला गेलेल्यावर विसंबून राहतां येणार नाहीं.